आधी त्यांना विचारा तरी!

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी भर पावसात भिजत घरी आली. सतरा वर्षांची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. हातात दवाखान्याचा केसपेपर, भिजून लगदा झालेला. दोन महिने तिच्या अंगावरून पांढरे जात होते, खाज सुटत होती, ओटीपोटात दुखत होते. आईला सांगितले तेव्हा आई म्हणाली, उष्णता असेल, धने-जिऱ्याचे पाणी पी. शेवटी पोरीने कॉलेज बुडवून तालुक्याचा सरकारी दवाखाना गाठला. खिडकीपाशी रांग. रांगेत दोन माणसे सोडून मागे शेजारच्या गल्लीतले एक काका. खिडकीतल्या माणसाने काय होतंय म्हणून विचारले, ती पुटपुटली. तेव्हा त्याने चांगल्या खणखणीत आवाजात विचारले, ''मदुवि आगैतेनु?'' लग्न झालंय का? सगळी रांग वळून बघू लागली. पोरगी केसपेपर मुठीत आवळून तशीच मागे फिरली आणि बस धरून माझ्याकडे आली. ''बाई, तिथं सगळ्यांसमोर विचारूलालेत,'' एवढेच बोलली आणि रडत बसली.

त्याच दवाखान्यात, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला एका दारावर 'स्नेहा क्लिनिक' अशी पाटी आहे. मी नंतर स्वतः जाऊन पाहून आले. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी यावे, मोकळेपणाने बोलावे, कुणाला कळू न देता सल्ला आणि औषध घ्यावे, यासाठीच ती खोली. दाराला कुलूप होते. खिडकीतून आत सलाइनच्या खोक्यांची चळत दिसत होती आणि तिच्यावर कुणीतरी छत्री वाळत घातली होती. तिथून त्या पोरीची रांग चाळीस पावलांवर. तिला ही खोली आहे हेच ठाऊक नव्हते. तिच्या वर्गातल्या कुणालाच नव्हते.

हे मी आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सांगितले. सीमालढ्यात लाठ्या खाल्लेला, तुरुंग पाहिलेला माणूस, त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले, थोडे थांबले आणि विचारले, ''पाटी मराठीत होती का?''

नव्हती. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत होती.

''मग निवेदन देऊ या,'' ते म्हणाले.

वाचकहो, निवेदन जरूर द्यावे. मी स्वतः सही करीन. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या वेळी मी नुकतीच शाळेत लागलेली शिक्षिका होते. पाटीवरच्या अक्षरांची किंमत काय असते हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की पाटी उद्या मराठीत झाली, शुद्ध देवनागरीत, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून झाली, तर दाराचे कुलूप निघणार आहे का? आणि कुलूप निघाले तरी ती पोरगी आत जाणार आहे का?

मला या लेखात एकच भांडण भांडायचे आहे, आणि ते सरकारशी कमी, आपल्याशी जास्त आहे. तरुण मुलामुलींच्या शरीराच्या, लैंगिक आरोग्याच्या ज्या काही सोयी आपण करतो, त्या त्यांना एका शब्दानेही न विचारता करतो. आणि त्या चालल्या नाहीत की म्हणतो, मुले येतच नाहीत हो!

'न विचारता' या शब्दांचा अर्थ सीमाभागाइतका कुणाला कळावा? 1 नोव्हेंबर 1956 ला आपल्याला कुणी विचारले होते? आपली मागणी ज्या चार तत्त्वांवर उभी आहे ती आपल्या घरातल्या पोरांनाही पाठ असतात: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. यातला शेवटचा शब्द उच्चारताना आपला आवाज चढतो. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय, त्यांची इच्छा आधी विचारा, हे आपण महाजन आयोगापुढे सांगितले, विधानसभेत सांगितले, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्यातही तेच सांगणे आहे. दर 17 जानेवारीला हुतात्म्यांपुढे उभे राहून आपण हेच म्हणतो. आणि घरी येऊन सतरा वर्षांच्या मुलीला म्हणतो, तुला काय कळतंय, गप्प बस. लोकेच्छेचे वय आपण नेमके किती ठरवले आहे?

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी माझे स्वतःचे सांगते. 1984 ते 2015 अशी एकतीस वर्षे मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवले. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा असे. त्यातला वनस्पतींचा भाग मी मोठ्या उत्साहाने शिकवीत असे. जास्वंदीचे फूल वर्गात नेऊन परागकण, कुक्षी, बीजांड सारे उलगडून दाखवीत असे. माणसाची आकृती आली की घड्याळाकडे बघत म्हणत असे, ''हा भाग सोपा आहे, घरी वाचून या.'' एकतीस तुकड्या! घरी कोण वाचून घेणार होते? मुलगे मागच्या बाकांवर खिदळत, मुली माना खाली घालून बसत आणि मी फळा पुसत असे. त्यातल्या किती जणी पुढे पांढरे जाण्याने, वेळीअवेळी राहिलेल्या दिवसांनी, भीतीने कुढत बसल्या असतील, याचा हिशेब आता या वयात मांडते आहे.

मी एकटीच अशी होते असे नाही. 2007 साली शाळांमधून किशोरशिक्षणाचा केंद्रीय कार्यक्रम येऊ घातला तेव्हा त्यातल्या चित्रांवरून केवढा गहजब झाला! महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटकानेही नाकारला. पाणी, गावे, भाषा, कशावरही एकमत न होणाऱ्या या दोन राज्यांचे इथे मात्र चटकन एकमत झाले. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांमधून लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला. या सगळ्या गदारोळात आमच्या शाळेत पालकांची सभा झाली, शिक्षकांची झाली, संस्थाचालकांची झाली. ज्यांच्यासाठी तो कार्यक्रम होता, त्या वर्गातल्या एकाही मुलामुलीला कुणी विचारले नाही. मीही नाही.

आणि एकमताचेच म्हणाल, तर आणखी एक आकडा पाहा. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या किती, हे मोजले आहे. महाराष्ट्रात 21.9 टक्के, कर्नाटकात 21.3 टक्के. दर पाचांत एक! या बाबतीत दोन राज्यांत सीमावाद नाही. लग्नाच्या मांडवात उभे करायला ज्या मुली मोठ्या असतात, त्या दवाखान्यात स्वतःचे दुखणे सांगायला लहान कशा ठरतात, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

हा काही परका, विलायती विचार आहे असे म्हणणाऱ्यांना मी रघुनाथ धोंडो कर्व्यांचे नाव सांगते. 1921 साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. पायी कॉलेजातली नोकरी गेली. 1927 च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि 1953 साली मरेपर्यंत चालवले. त्या मासिकात वाचक आपले प्रश्न लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांना सरळ, आडपडदा न ठेवता उत्तरे देत. 1934 साली त्यांच्यावर जो खटला झाला तो नेमक्या याच उत्तरांवरून झाला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण मुद्दा पाहा: ज्याला दुखते त्याने विचारायचे आणि जाणत्याने त्याच्या प्रश्नापासून सुरुवात करायची, ही रीत मराठीत नव्वद वर्षांपूर्वी होती. मराठीचा एवढा अभिमान बाळगणारे आपण, त्या रीतीचे वारस का झालो नाही?

फार लांब कशाला, सांगलीचेच घ्या. 1992 पासून मीना शेषू आणि त्यांची 'संग्राम' ही संस्था तिथे एड्सच्या प्रतिबंधाचे काम करते आहे. वेश्याव्यवसायातल्या बायकांना बाहेरच्या शहाण्यांनी येऊन उपदेश करण्याऐवजी त्या बायकाच निरोध वाटू लागल्या, आपल्यासारखींना समजावू लागल्या, दवाखान्यात आपल्याशी कसे वागायचे हे सुनावू लागल्या. 1996 साली त्यांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. समाजाने ज्यांना शेवटच्या पायरीवरही उभे केले नव्हते त्या बायकांना विचारल्यावर काम चालले, हे आपल्या उंबऱ्याशी घडले. गडचिरोलीत राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांना तपासले आणि 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला. त्यांतल्या जेमतेम आठ टक्के स्त्रियांची आधी कधी अशी तपासणी झाली होती. म्हणजे दुखणे होते, सोसणे होते, विचारणारे कुणी नव्हते.

आता आमच्या गावचे सांगते. ती पोरगी रडत घरी आली त्यानंतर मी तिला बेळगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. साधा जंतुसंसर्ग होता. आठवड्याच्या औषधाने बरी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला शांतपणे सांगितले, की थोडे पांढरे जाणे हे सगळ्याच मुलींना होते, तो रोग नव्हे. वास, खाज, रंग बदलणे, दुखणे असले तरच दाखवायचे. तिने दोन महिने जी भीती सोसली ती पाच मिनिटांच्या बोलण्याने गेली. परतताना बसमध्ये ती मला म्हणाली, ''हे एवढंच होतं होय?''

मग मी एक उद्योग केला. वाचनालयाच्या खोलीत रविवारी ओळखीची आठदहा मुलेमुली जमवली. मुले एका दिवशी, मुली दुसऱ्या. बिस्किटाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडले आणि सांगितले, नाव घालू नका, दवाखाना कसा असावा ते चिठ्ठीवर लिहा. भाषा कुठलीही चालेल. मला वाटले होते, लाजतील. डबा भरला.

आणि वाचकहो, त्यात मी अपेक्षिले होते त्यातले काही म्हणजे काही नव्हते. मला वाटले होते, मराठी डॉक्टर हवा असे लिहितील. एकीने लिहिले होते, ''मराठी नको, आमच्या गावचा नको. लांबचा कन्नड डॉक्टर चालेल, तो बाबांना ओळखणार नाही.'' माझ्या मराठीपणाला तो चिमटाच होता. दुसरीने लिहिले होते की खोलीवर 'किशोरवयीनांसाठी' असे लिहूच नका, त्या दारात उभे राहिले की सगळ्या गावाला कळते. दार दंताच्या डॉक्टरांच्या शेजारी ठेवा! वेळेविषयी तर जवळजवळ सगळ्यांनीच लिहिले होते. दवाखाना सकाळी उघडतो आणि दुपारी थंडावतो, तेव्हा आम्ही कॉलेजात. आम्ही सुटतो तेव्हा तिथे झाडूवाला. एका मुलाने लिहिले होते की पुस्तकातले शब्द कळत नाहीत आणि आम्हाला येणारे शब्द डॉक्टरांपुढे बोलायचे नाहीत, मग बोलायचे कशात? सत्तर वर्षे आपण भाषेसाठी भांडतो आहोत आणि आपल्या मुलाला आपले शरीर कुठल्या भाषेत सांगावे हे कळत नाही. मी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. झोपेत वीर्य जाते, अशक्तपणा येईल का, लग्नाला आपण लायक राहू का. हे वयात येण्याचे साधे लक्षण आहे, त्याने कसलाही अशक्तपणा येत नाही, हे सांगायला दोन वाक्ये पुरतात. ती दोन वाक्ये कुणी सांगत नाही म्हणून एक पोरगा बसस्टँडमागच्या लॉजमध्ये बसणाऱ्या 'गुप्तरोगतज्ज्ञा'कडे गेला आणि घरून परीक्षेच्या फीचे म्हणून घेतलेले पैसे देऊन काळ्या गोळ्या घेऊन आला. या तज्ज्ञाच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. भिंतीवर चुन्याने रंगवलेल्या, वर कन्नड, खाली मराठी. भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क आमच्या तालुक्यात मनापासून पाळणारा एवढा एकच इसम आहे. त्याची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. नाव विचारीत नाही, बापाचे विचारीत नाही, लग्न झाले का विचारीत नाही. पोरांना काय हवे ते त्या भोंदूला कळले आणि आरोग्यखात्याला कळले नाही, आपल्यालाही कळले नाही!

कागदावर सारे आहे, हे विशेष. 7 जानेवारी 2014 ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात या केंद्रांना 'मैत्री' म्हणतात, इथे 'स्नेहा'. नावे किती गोड! त्या कार्यक्रमाच्या तत्त्वांत किशोरवयीनांचा सहभाग आणि नेतृत्व हे शब्द आहेत. दर हजार वस्तीमागे दोन मुलगे आणि दोन मुली असे चार समवयस्क शिक्षक नेमायचे, असेही आहे. पण ते निवडले कसे जातात ते बघा. मुख्याध्यापकांना सांगतात, चार चांगली मुले द्या. मुख्याध्यापक देतात ती पहिल्या बाकावरची, वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली, खाली मान घालून चालणारी. माझ्या काळात मीही तीच दिली असती. मग त्यांच्या हाती पत्रके देतात आणि वाटायला लावतात. म्हणजे वरचा निरोप खाली न्यायला मुले. खालचे गाऱ्हाणे वर न्यायला? त्याची सोय नाही. याला सहभाग म्हणत असतील तर टपालखात्यातला पोस्टमन हा मोठाच धोरणकर्ता म्हटला पाहिजे.

आता आक्षेप. संस्कृतीचा आक्षेप मी इथे चघळत बसत नाही. कर्व्यांवर तोच घेतला होता. पण कायद्याचा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. डॉक्टर म्हणतात, 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलीचे कुठलेही शरीरसंबंध गुन्हा ठरतात, कलम 19 प्रमाणे आम्हाला पोलिसांना कळवावे लागते, मग मुले येणार कशी? भीती खोटी नाही. पण यावरही न्यायालये बोलली आहेत. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने, म्हणजे आपल्या शेजारच्याच, या वयाच्या मर्यादेचा विधी आयोगाने फेरविचार करावा असे सुचवले. 2023 मध्ये आयोगाने वय अठराच ठेवावे असा अहवाल दिला. निकाल काहीही असो, या चर्चेत सोळा-सतरा वर्षांची मुले फक्त खटल्यातली पक्षकार म्हणून दिसतात. आणि पांढरे जाणे, पाळीचे दुखणे, झोपेत वीर्य जाणे यांना तर कुठलाच कायदा आड येत नाही. तिथे का कुलूप?

''मुलांना विचारले तर ती काहीही मागतील,'' असे एक वकीलमित्र मला म्हणाले. मी त्यांना चिठ्ठ्यांचा डबा दाखवला. त्यांनी मागितले होते: वेगळी वेळ, आडोसा, हळू बोलणारा माणूस, नाव न पुकारणे. भलतेसलते काय आहे यात? आपण पासपोर्टच्या कार्यालयात एवढे मागतो.

एक गोष्ट मात्र कर्नाटकाकडून घेण्यासारखी आहे आणि ती मान्य करायला मला संकोच नाही. इथे ग्रामपंचायतींना वर्षातून एकदा 'मक्कळ ग्रामसभा', म्हणजे मुलांची ग्रामसभा, घ्यावी लागते. आमच्या पंचायतीत ती होते, मुले शाळेच्या संडासाविषयी, बसच्या थांब्याविषयी विचारतात, अध्यक्ष माना डोलावतात, शेवटी चहाबिस्किटे. या खेपेस त्या सभेत एक मुलगी उभी राहिली. तीच, केसपेपरवाली. तिने कन्नडमध्ये विचारले, अगदी स्वच्छ कन्नडमध्ये, की स्नेहा क्लिनिकची किल्ली कुणाकडे असते? सभा गप्प झाली. आशा कार्यकर्तीने तोंडाला पदर लावला. अध्यक्षांनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे पाहिले, डॉक्टरांनी वही उघडून काहीतरी लिहिल्यासारखे केले. मागून आमचे ते ज्येष्ठ कार्यकर्ते हळूच मला म्हणाले, ''मराठीत विचारायला हवं होतं हो.'' पण मग तेच पुढे होऊन म्हणाले, ''बरोबर विचारतेय पोरगी. किल्ली कुणाकडे आहे?'' दोन्ही वाक्ये त्यांचीच. मी त्यांच्यावर रागावू शकत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राला आरोग्य रक्षा समिती असते. पैसा कशावर खर्च करायचा, रंग कुठला द्यायचा, बाकडी किती घ्यायची, हे तिथे ठरते. त्या समितीवर वडीलधारे असतात, सगळे बापाच्या नाहीतर आजोबांच्या वयाचे. मी अर्ज दिला आहे, दोन भाषांत, की समितीच्या बैठकीत दोन खुर्च्या वीस वर्षांखालच्यांना द्याव्यात; एक मुलगा, एक मुलगी; आणि ती मुख्याध्यापकांनी नेमू नयेत, त्यांची त्यांनी निवडावीत. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारले, ''बाई, खुर्च्या विकत आणायच्या आहेत का?''

बैठक तुळशीच्या लग्नानंतर आहे. मुलांनी आपली दोन नावे ठरवली आहेत. मुलगी कोण हे तुमच्या लक्षात आले असेल. ती रोज निरोप पाठवते आहे, की बैठक चारच्या आत ठेवायला सांगा, गावाकडची शेवटची बस साडेपाचची आहे.